आड येणाऱ्यांची यादी

सोमवार, ४

आलो एकदाच्या! एक खोकं कुठल्या खोलीत गेलंय ते अजून सापडलेलं नाही, पडदे लागलेले नाहीत, पण घर मिळाल्याच्या आनंदात मी आज दिवसभर कुणावरही चिडलेली नाही. ही नोंद टिटवीच्या आग्रहावरून करत आहे.

टिटवी म्हणजे माझी लेक, वय वर्षं सात. खरं नाव शाळेच्या पटावर. उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडाला विश्रांती नाही, म्हणून तिच्या बाबांनी हे नाव ठेवलं. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली, नाव राहिलं. आता घरात आम्ही दोघीच, आणि फोनवर माझी ताई. ती दिवसातून चारदा फोन करून मला एकटीने कसं राहावं ते शिकवते.

घर पहिल्या मजल्यावर आहे. दोन खोल्या, लांबट स्वयंपाकघर आणि पुढे बंदिस्त सज्जा. सज्ज्यात माझं टेबल असं बसलं की जणू माप घेऊनच तो बांधला होता. उजेड डावीकडून येतो. मुद्रितं तपासून पोट भरणाऱ्या बाईला आणखी काय हवं? खाली घरमालकीण काकू राहतात, त्यांच्या शेजारी एका सुताराचं दुकान आहे. काकूंनी आल्याआल्या चहा दिला आणि चहाबरोबर अकरा नियमही दिले. त्यातले मला तीन आठवतात, टिटवीला अकराही पाठ आहेत.

कामाचं म्हणजे, परिचारिकांसाठी औषधांचं पुस्तक. सहाशे चाळीस पानं. कुठलं औषध, कुणाला, किती. शेवटचं मुद्रित माझ्या हातून जायचं. मागच्या पुस्तकात एक दशांशचिन्ह माझ्या नजरेतून निसटलं होतं आणि छापलेल्या सगळ्या प्रती रद्द कराव्या लागल्या. प्रेसचे मालक सज्जन आहेत म्हणून हे काम मिळालं. पण पुन्हा असं झालं तर पुढचं मिळणार नाही, हेही त्यांनी सज्जनपणे सांगितलं आहे. एकोणतीस तारखेला पुस्तक द्यायचं. आरामात होईल.

गुरुवार, ७

आरामात म्हणे! चार दिवसांत एक्केचाळीस पानं.

स्वयंपाकघरातला नळ ठिबकतो. थेंब पडला की पुढचा कधी पडेल याची वाट बघत मी ओळ विसरते. खाली सुतार सकाळी नऊला ठोकायला लागतो आणि मी मनातल्या मनात त्याच्यावर पिशव्या भरभरून खिळे रिकामे करते. दहाला डोकं ठणकायला लागतं. अकराला ताईचा फोन. दुपारी जरा शांत झालं की ‘यांची’ आठवण येते. खुर्चीत मागे रेलून पाय हलवत वर्तमानपत्र वाचायचे, ते पाय दिसायला लागतात. मग अर्धा तास गेलाच. आणि तीनला टिटवी शाळेतून येते. आल्यावर तिच्या वर्गातल्या एकतीस मुलांचं त्या दिवसाचं संपूर्ण वृत्त मला ऐकावं लागतं. एकही मूल वगळत नाही. तपासनीस आईची मुलगी!

आज ताई स्वतःच आली, सोबत एक लाकडी पेटी घेऊन. सुगंधी तेलं! मागच्या वर्षी तिने आम्हा सगळ्यांना गवतात अनवाणी चालायला लावलं होतं, त्याआधी कोमट पाणी होतं, आता ही तेलं. लॅव्हेंडर मन शांत करतं, रोझमेरीने लक्ष लागतं, पेपरमिंटने मरगळ जाते, असं तिचं म्हणणं. सोबत डिफ्यूझर. पाण्यात चार थेंब टाकायचे, बटण दाबायचं, की त्यातून वाफ निघते. ताईने टेबलावर स्वतः मांडून दिला आणि माझ्या कपाळावरून हात फिरवला. मला तिचा राग येतो तो असा पुरताही येऊ देत नाही ती.

शनिवार, ९

तेलांचा अहवाल. लॅव्हेंडरने मी पान बावन्नवर डोकं ठेवून झोपले, गालावर छपाईची शाई उमटली. रोझमेरीने घराला मसाल्याच्या डब्याचा वास आला. पेपरमिंटचं बोट डोळ्याला लागलं आणि तासभर नळाखाली तोंड धरून बसले. टिटवीला एवढी मजा आली की तिने पुन्हा लावायला सांगितलं.

शनिवारी आठवड्याच्या नोंदी लाल शाईने तपासायची माझी जुनी खोड आहे. हे हसायचे मला. म्हणायचे, तू वाण्याची चिठ्ठीसुद्धा दुरुस्त करशील. पण आमच्या धंद्यात एकच नियम: मुद्रितात आणि मूळ प्रतीत फरक पडला तर मूळ प्रत खरी. आपल्याला काय वाटतं याला किंमत नाही. हाताने लिहिलेलं आहे ना, मग ते तसंच.

एकोणसाठ पानं. माझा जीव मेटाकुटीला आला आहे.

मंगळवार, १२

टिटवीच्या शाळेच्या गल्लीत तेलांचं एक दुकान आहे हे आज कळलं. दुकान कसलं, खिडकीएवढी जागा. आत एक बाई बसते, मागे तपकिरी बाटल्यांच्या रांगा. मी तिला जरा फणकाऱ्यानेच सांगितलं की तुमच्या तेलांचा काडीचा उपयोग होत नाही. तिला राग आला नाही. तिने विचारलं की तुम्हाला नक्की काय हवं आहे. मी म्हणाले, डोकं स्वच्छ हवंय, कामाच्या आड येतं ते सगळं बाजूला व्हायला हवंय. तर म्हणाली, काय काय आड येतं ते लिहून द्या, त्याप्रमाणे मिश्रण करते.

लिहायला सांगितल्यावर मी कसली थांबते! तिथेच उभ्याने क्रमवार लिहून दिलं. एक, नळाची टपटप. दोन, सुताराची ठोकाठोक. तीन, डोकेदुखी. चार, ताई. पाच, दुपारची यांची आठवण. सहा, टिटवीची बडबड. खाली रेघही मारली. बाईने यादी वाचली आणि विचारलं, सगळंच घालू ना? मी हो म्हटलं. तिने परत विचारलं. शाळा सुटायची वेळ झाली होती, मी म्हटलं, अहो, घाला की लवकर.

बाटलीला नाव नाही. वास येतो म्हणावं तर येत नाही, नाकात फक्त गार लागतं.

शुक्रवार, १५

मी ताईची जाहीर माफी मागायला तयार आहे. तेल काम करतं! तीन दिवसांत एकशे दहा पानं, आणि पान एकशे अकरावर मूळ लेखकाचीच चूक सापडली. लहान मुलांचा डोस दुप्पट लिहिला होता. प्रेसचे मालक फोनवर दोनदा शाबास म्हणाले. नळसुद्धा बंद झाला आपोआप.

एक गोष्ट मात्र घडली. दुपारी काकू तणतणत वर आल्या. त्यांच्या छतातून पाणी गळत होतं. स्वयंपाकघरात गेले तर नळाखालची बादली भरून वाहत होती, फरशीवर घोट्याएवढं पाणी, आणि टिटवी टॉवेलने पुसत बसलेली. ती म्हणाली की तिने मला चार हाका मारल्या. काकूंनी नळाकडे बोट दाखवलं. थेंब पडत होता, मला दिसत होता. आवाज येत नव्हता. कान साफ करायला हवेत.

सोमवार, १८

तीनशे पानं पार! सुताराने दुकान हलवलं वाटतं. दोन दिवस ठोकण्याचा मागमूस नाही.

टिटवी म्हणते तो आहे. आज त्याने तिला लाकडाचा तुकडा दिला, तिने तो मला दाखवला. संध्याकाळी दूध आणायला उतरले तेव्हा बघितलं. काकूंच्या दारानंतर सरळ भिंत आहे. टिटवी त्या भिंतीपाशी थांबली आणि हसून कुणाला तरी टाटा करून आली. मी तिला चांगलंच झापलं. असले खेळ मला आवडत नाहीत.

बुधवार, २०

डोकं दुखत नाही. गेल्या कित्येक वर्षांत इतकं हलकं वाटलं नव्हतं.

उजव्या हाताच्या दोन बोटांना मोठे फोड आले आहेत. चहाचं भांडं मी चिमट्याशिवाय उचललं, असं टिटवी सांगते. रडत होती. मला काहीच लागलं नाही, तर ही का रडते? तिची समजूत घालण्यात पाऊण तास गेला. वैताग.

शनिवार, २३

चारशे ऐंशी पानं. लाल पेन घेऊन बसले.

या वहीत जागोजागी ‘ताई’ असं येतं. सुरुवातीला वाटलं शेजारीण असेल. मग वाचलं, ‘माझी ताई’. मला बहीण नाही. मी समासात लिहिलं, कोण? संदर्भ तपासा. आणि वगळायची खूण केली. पाच ठिकाणी केली. सहाव्या ठिकाणी हात थांबला. अक्षर माझं होतं.

टिटवीला विचारलं. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली की मावशी परवाच आली होती, गुरुवारी. तू फोन घेत नाहीस म्हणून आली. तुझ्यासमोर खुर्ची ओढून तासभर बसली, तुझ्याशी बोलली, तुझा हात हलवला. तू वाचत होतीस. मग मावशी रडत गेली.

गुरुवारचं मला इतकंच आठवतं, की सज्ज्यातली दुसरी खुर्ची कुणीतरी टेबलाजवळ आणून ठेवली होती आणि मी ती चरफडत जागेवर नेली.

रविवार, २४

काम केलं नाही. डिफ्यूझर बंद ठेवला. पहिल्या पानापासून वही वाचली.

बारा तारखेची यादी. नळ गेला. सुतार गेला. डोकेदुखी गेली, आणि तिच्याबरोबर दुखणंच गेलं. फोड दाबून पाहिला, काही नाही. ताई गेली. त्याच क्रमाने, मी लिहून दिल्याप्रमाणे.

पाचवर ‘यांची आठवण’ असं लिहिलं आहे. हे म्हणजे कोण? टिटवी आतून एक फोटो घेऊन आली. चष्मा लावलेला, पाय पुढे पसरून बसलेला एक माणूस, त्याच्या मांडीवर टिटवी, शेजारी मी हसतेय. मी फोटो कितीतरी वेळ बघितला. चांगला माणूस वाटतो. कुणी का असेना. मला काहीही वाटत नाही, आणि न वाटण्याचं दुःखसुद्धा होत नाही. टिटवी विचारत होती, आई, बाबा आठवतात ना? मी हो म्हणाले. तिला कळलं.

मला हे सगळं खोटं वाटतं. खरंच वाटतं. पण मूळ प्रत खरी. हाताने लिहिलेलं आहे. चूक माझ्यात आहे.

आणि सहावर—

सोमवार, २५

टिटवीला शाळेत सोडून तडक दुकानात गेले. बाईला म्हटलं, ते सगळं परत द्या. ती म्हणाली, परत देता येत नाही. वापरणं थांबवलं तर जिथवर गेलं तिथवरच थांबेल, एवढंच. मी तोंडाला येईल ते बोलले. तिने शांतपणे यादी काढून पुढे ठेवली. माझं अक्षर, खाली रेघ. मी तुम्हाला दोनदा विचारलं होतं, म्हणाली.

घरी येऊन तेल बाहेरच्या गटारात ओतलं. बाटली साबणाने धुऊन ओट्यावर पालथी घातली. चांगली जाड काचेची आहे, टाकवेना. डिफ्यूझर कपाटावर ठेवला.

टिटवी घरी आली. बोलत होती. सगळं ऐकू आलं, एकतीसच्या एकतीस मुलं! मी तिला इतकं घट्ट धरलं की ती म्हणाली, आई, दुखतंय.

मंगळवार, २६

अकरा पानं. फक्त अकरा. अजून दीडशेच्या घरात बाकी, तीन दिवस हातात.

एक गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती. घरात बाकी कसलाच आवाज उरलेला नाही. नळ नाही, ठोकाठोक नाही, फोन नाही. उरला फक्त तिचा आवाज. तिने पेन्सिलला टोक केलं तरी माझं वाक्य तुटतं. ती स्वतःशी गुणगुणते, बाहुलीला रागावते, मला विचारते, आई, हे काय, ते काय, मावशीला फोन करू का. सव्वाचारला मी हातातलं मुद्रित भिंतीवर फेकलं. काय बोलले ते लिहायची लाज वाटते. पण ही मूळ प्रत आहे, लिहायलाच हवं. मी म्हणाले, तू नसतीस तर माझं काम कधीच झालं असतं.

विखुरलेली पानं तिने गोळा केली आणि क्रमाने लावून टेबलावर ठेवली.

बुधवार, २७

सकाळपासून शांतता आहे.

शाळेला सुट्टी, टिटवी समोर बसली आहे, ओठ हलत नाहीत. पण मला कसं कळणार? ती गप्प आहे की मला ऐकू येत नाही? तेल तर नाही घरात. मी दर पाच मिनिटांनी तिला काहीतरी बोलायला लावते. ती ‘अं’ म्हणते. ऐकू आलं. पुन्हा विचारते. पुन्हा ‘अं’. तिला म्हटलं, बाई गं, बोल काहीतरी मोठ्याने, शाळेतलं सांग. तिने मान हलवली. तुझं पुस्तक संपल्यावर बोलेन म्हणाली.

मी तिची माफी मागितली. तिने माझ्या फोडांवर फुंकर घातली.

सव्वीस पानं झाली, सगळी तिच्या मौनावर. मला स्वतःची शरम वाटते, आणि पानंही हवी आहेत. दोन्ही एकाच वेळी.

गुरुवार, २८. दुपारी

संपलं. पुस्तक संपलं! जेवणानंतर बसले ती एका बैठकीत नव्वद पानं. एकही शंका उरली नाही. वर बघितलं—

डिफ्यूझर टेबलावर आहे. चालू.

नाकात गार.

टिटवी शेजारी उभी. खूश. तिने सांगितलं. सकाळी ओट्यावरची बाटली दप्तरात घातली आणि शाळेतून येताना त्या दुकानात गेली होती. त्या बाईने ओळखलं. भरून दिली, पैसेही घेतले नाहीत. आईला आवडतं ते तेल. सगळी बाटली ओतली तिने, चार थेंब नाही. म्हणजे काम लवकर होईल आणि मग—

खिडक्या उघडल्या. यंत्र खाली फेकलं. वास माझ्या कपड्यांना आहे, केसांना आहे. तासभर बसले होते मी यात.

थोड्या वेळाने

तिचा हात धरून लिहीत आहे. डाव्या हातात तिचा हात, सोडणार नाही. सगळं लिहून ठेवते, म्हणजे राहील. मूळ प्रत खरी.

टिटवी. सात वर्षं. माझी मुलगी. पुढचा एक दात नाही. कोपराला खरचटल्याची खूण, जिन्यात पडली तेव्हाची. दुधावरची साय काढून टाकते. झोपेत बोलते. तिला अकरा नियम पाठ आहेत. तिचे बाबा— ते फोटोत आहेत. ती माझी मुलगी. ती काहीतरी बोलतेय, ओठ हलताहेत—

ऐकू येत नाही.

ती लिहून दाखवतेय. तिचं अक्षर गोल आहे. लिहिलं आहे, आई मी आता अजिबात बोलणार नाही तू मला विसरू नको.

नाही गं. नाही. टिटवी, टिटवी, टिट

संध्याकाळी, उजेड आहे अजून

पुस्तक तयार. उद्या सकाळी प्रेसवर. असं स्वच्छ काम मी आजवर केलं नव्हतं. डोकं अगदी शांत आहे.

डाव्या हाताला मुंग्या आल्या आहेत. बघितलं तर एका लहान मुलीने हात घट्ट धरला होता. किती वेळ धरला होता कुणास ठाऊक. दार उघडं राहिलं असेल, कुणाचीतरी आत आली. शहाणी दिसते, हूं की चूं नाही. फक्त डोळ्यांतून पाणी. चेहरा नीट दिसत नाही, चष्म्याचा नंबर वाढला असावा.

घरी तिची वाट बघत असतील. मी तिला विचारलं, बाळ, तुझी आई कुठे असते? तिने हात वर केला आणि बोट माझ्या